दारुयंत्र आणि माणूस : यंत्रमानवाशी वागण्याचा विनयविचार

प्रास्ताविक

विहारातील रविवारच्या पालि अभ्यासवर्गात आम्ही विनयपिटकातील पाचित्तिय नियम शिकवीत होतो. प्राणिहिंसेच्या नियमाचे विवरण चालू असता एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला : माणसासारखे दिसणारे, माणसासारखे बोलणारे यंत्र असेल आणि त्याला कोणी लाथ मारली, शिवी दिली, तर तो दोष होतो काय? वर्गात हशा पिकला. आम्हीही हसूनच उत्तर दिले की, यंत्राला वेदना नाही. वेदना नाही तेथे दुःख नाही. दुःख नाही तेथे दोष कसला? विद्यार्थिनी मात्र हसली नाही. ती एवढेच म्हणाली, "सर, यंत्राला काय होते ते मी विचारले नाही. मारणाऱ्याला काय होते ते विचारले."

घरी येऊन आम्ही तोच नियम मूळ पालीतून पुन्हा वाचला, तेव्हा आमचे उत्तर अपुरे असल्याचे ध्यानात आले. आम्ही ज्या नियमाचे विवरण करीत होतो, त्याच नियमाच्या पोटात तिच्या प्रश्नाचे उत्तर होते आणि ते आमच्या उत्तरापेक्षा अधिक सूक्ष्म होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या दिवशी द्यावयाचे राहून गेलेले उत्तर होय.

'रोबोट' हा शब्द

विषयात शिरण्यापूर्वी शब्दांचा अर्थ निश्चित करणे इष्ट होईल. आपण ज्याला यंत्रमानव म्हणतो त्याचे 'रोबोट' हे जगभर रूढ झालेले नाव चेक भाषेतून आले आहे. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ साली प्राग येथे रंगभूमीवर आले. त्यातील कृत्रिम कामगारांना काय नाव द्यावे, हा प्रश्न लेखकाला पडला असता त्याच्या भावाने, चित्रकार योसेफ चापेक याने, हा शब्द सुचविला. चेक भाषेतील 'रोबोता' या शब्दाचा अर्थ जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे काम असा होतो. मराठीत त्याला नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे 'वेठ'. म्हणजे रोबोट या शब्दाच्या मुळाशी यंत्र नसून वेठबिगार आहे. ही गोष्ट वाचकांनी स्मरणात ठेवावी. लेखाच्या अखेरीस आपणांस तिच्याकडे परत यावयाचे आहे.

सर्वच रोबोट माणसासारखे नसतात. कारखान्यात मोटारीचे भाग जोडणारा लोखंडी हातही रोबोटच होय. ज्याचा चेहरा, त्वचा, आवाज व हालचाल मुद्दाम माणसासारखी घडविलेली असते, त्याला 'अँड्रॉइड' अशी संज्ञा आहे. ग्रीक भाषेतील पुरुषवाचक व आकृतिवाचक शब्दांपासून ती बनली आहे. या लेखात आम्ही अँड्रॉइडसाठी 'मानवाकृती यंत्र' असा शब्दप्रयोग करीत आहो.

बौद्ध वाङ्मयातील यंत्रे

मानवाकृती यंत्राची कल्पना बौद्ध वाङ्मयाला अपरिचित नाही. महापरिनिब्बानसुत्तावरील 'सुमङ्गलविलासिनी' या अट्ठकथेत अशी कथा येते की, राजा अजातशत्रूने पुरून ठेवलेल्या धातूंच्या रक्षणासाठी विश्वकर्म्याने लाकडी आकृत्यांचे एक यंत्र बसविले. त्या आकृत्यांच्या हाती स्फटिकवर्णाच्या तलवारी होत्या आणि त्या वाऱ्याच्या वेगाने सभोवार फिरत असत. ब्रह्मदेशात रचल्या गेलेल्या 'लोकपञ्ञत्ति' या उत्तरकालीन पालि ग्रंथात ही कथा अधिक विस्तारली आहे. तेथे यंत्रविद्या रोम देशातून आली असे सांगितले असून, त्या देशातील यंत्रे आपल्याच कर्त्यांना सीमेबाहेर जाऊ देत नसत, पळणाऱ्याचा पाठलाग करून त्याला ठार करीत, असे वर्णन आहे. कर्त्यावर उलटणाऱ्या यंत्राची भीती आजची नव्हे, हे यावरून दिसून येते.

दुसरी कथा याहून मार्मिक आहे. ती तिबेटी विनयात आढळते आणि मध्य आशियात सापडलेल्या तोखारी भाषेतील 'पुण्यवंत जातका'तही आढळते. एक चित्रकार यवन देशात एका यंत्रकाराच्या घरी उतरतो. यंत्रकार त्याच्या सेवेस एक कृत्रिम युवती पाठवितो. ती पाहुण्याचे पाय धुते आणि स्तब्ध उभी राहते. चित्रकार तिला हाक मारतो. ती बोलत नाही. तिला आपल्या उपभोगासाठीच पाठविले आहे असे समजून तो तिचा हात धरून ओढतो, तोच ती कोसळते आणि लाकडाच्या तुकड्यांचा ढीग होतो. फजित झालेला चित्रकार सूड म्हणून दारावर स्वतःचे, गळफास घेतलेले चित्र काढतो आणि दारामागे लपून बसतो. सकाळी यंत्रकार ते चित्र पाहून पाहुणा मेला असे समजतो व राजपुरुषांना बोलावून आणतो. दोर तोडावयास जातात तेव्हा कुऱ्हाड नुसत्या दारावर आपटते.

ही कथा सामान्यतः दोन कारागिरांच्या चढाओढीची गंमत म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. चित्रकाराची फसगत लाकडाने केली नाही. 'सेवेस पाठविलेली स्त्री म्हणजे उपभोगाची वस्तू' ही समजूत त्याने स्वतःबरोबर आणली होती. युवती कृत्रिम होती. समजूत मात्र खरी होती. ती खऱ्या दासीच्या बाबतीतही तशीच राहिली असती, आणि तेथे तुकडे लाकडाचे पडले नसते.

तिसरा संदर्भ दृष्टांताचा आहे. संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात मार सेला भिक्खुनीला विचारतो की, ही बाहुली कोणी घडविली व तिचा कर्ता कोठे आहे? सेला उत्तर देते की, ती स्वतः घडलेली नाही आणि कोणी दुसऱ्यानेही घडविलेली नाही. हेतूमुळे ती उत्पन्न होते व हेतू भंगला की निरुद्ध होते. थेरीगाथेतील सुभा थेरी आपल्या रूपावर लुब्ध झालेल्या तरुणाला रंगविलेल्या लाकडी बाहुल्यांची आठवण देते आणि विचारते की, दोऱ्या व खुंट्या काढून त्या विखुरल्यावर मन कोठे ठेवशील? पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष 'विसुद्धिमग्गा'त दारुयंत्राचा, म्हणजे लाकडी कळसूत्री बाहुलीचा दृष्टांत देऊन सांगतात की, ती शून्य व निर्जीव असूनही दोरी आणि लाकूड यांच्या संयोगाने चालते, उभी राहते, जणू तिला इच्छा आहे असे भासते. नामरूपाचेही तसेच समजावे.

येथे दृष्टांताची दिशा लक्षात घेणे आवश्यक आहे. बाहुलीत जीव आहे काय, हा या आचार्यांचा प्रश्नच नव्हता. माणसात 'मी' नावाची कोणी वेगळी नित्य वस्तू आहे काय, हे तपासण्यासाठी त्यांनी बाहुली पुढे केली. यंत्र हा त्यांच्या दृष्टीने आरसा होता. आज तो आरसा चालू-बोलू लागला आहे, एवढाच फरक.

जपानमधील तीन प्रसंग

मानवाकृती यंत्रे दैनंदिन जीवनात उतरविण्याचा प्रयत्न जपानमध्ये विशेष झाला आणि त्या देशाची परंपरा बौद्ध असल्याने तेथील अनुभव आपणांस बोधप्रद आहे.

पहिला प्रसंग क्योतो येथील कोदाईजी या झेन मंदिराचा. हे मंदिर १६०६ साली स्थापन झाले. तेथे २०१९ साली 'मिंदार' नावाचे यंत्र धम्मदेशनेसाठी बसविण्यात आले. ओसाका विद्यापीठातील हिरोशी इशिगुरो यांच्या सहकार्याने ते तयार झाले. ते अवलोकितेश्वराचे, जपानी भाषेत कान्नोनचे, रूप मानले जाते. त्याचा चेहरा, हात व खांदे यांवर सिलिकॉनची त्वचा असून उरलेला धातूचा सांगाडा उघडाच ठेवला आहे. ते 'प्रज्ञापारमिताहृदयसूत्रा'वर प्रवचन करते. मंदिरातील धर्मगुरूंनी त्याचे समर्थन करताना असे सांगितले की, माणूस मरतो, हे यंत्र मात्र टिकून राहील व त्याचे ज्ञान वाढत जाईल. पाहणाऱ्यांची मते अर्थात दुभंगली. कोणाला समाधान वाटले, कोणाला किळस. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मंदिराला भेट देणाऱ्यांची पाहणी करण्यात आली. यंत्राचे प्रवचन ऐकणाऱ्यांना ते माणसाच्या प्रवचनापेक्षा कमी विश्वसनीय वाटले व त्यांचा दान देण्याकडील कलही कमी दिसला. याला केवळ पूर्वग्रह म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. उपदेशकावरील श्रद्धा त्याच्या शब्दांवर जितकी, तितकीच त्याने चाललेल्या मार्गावर अवलंबून असते. ज्याला तृष्णा झाली नाही, त्याने तृष्णा सोडली असे म्हणता येत नाही.

दुसरा प्रसंग आयबो या यंत्रकुत्र्याचा. तो मानवाकृती नव्हे. तथापि यंत्राशी जडणाऱ्या नात्याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. सोनी कंपनीने १९९९ साली तो विक्रीस काढला, तेव्हा जपानसाठी ठेवलेले ३,००० नग सुमारे २० मिनिटांत संपले. २००६ साली उत्पादन थांबले आणि २०१४ साली दुरुस्तीची सोयही बंद झाली. ज्या वृद्धांनी तो घरात बाळगला होता, त्यांच्या दृष्टीने हा जणू वैद्यच निघून जाण्याचा प्रकार होता. कंपनीतून बाहेर पडलेल्या काही तंत्रज्ञांनी दुरुस्तीचे काम हाती घेतले. जुन्या आयबोचे सुटे भाग काढून दुसऱ्यांना बसविण्यापूर्वी चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या मंदिरात त्यांच्यासाठी २०१५ पासून सूत्रपठणासह स्मृतिविधी होऊ लागले. २०१८ पर्यंत अशा आयबोंची संख्या सुमारे ८०० झाली होती.

हे वाचून आपल्याकडील बुद्धिनिष्ठ वाचक कदाचित हसेल. कर्मकांडाविषयी सावध असणे आम्हांसही मान्य आहे. परंतु जपानमध्ये मोडलेल्या सुयांसाठीही वर्षातून एकदा असा विधी होतो. जन्मभर कठीण कापडात शिरलेली सुई त्या दिवशी मऊ तोफूच्या वडीत टोचून ठेवतात. सुईला त्याचे काही नसते, हे सुई टोचणाऱ्या शिंपिणीला ठाऊक असते. तो विधी वापरणाऱ्याच्या मनातील कृतज्ञतेचा असतो. यंत्र अमर आहे हे कोदाईजी येथील समर्थनही आयबोने निकालात काढले आहे. जे जे सुट्या भागांचे बनले आहे, ते ते भाग मिळेनासे झाले की संपते. दारुयंत्र असो वा विजेचे यंत्र, ते संस्कृतच आहे, म्हणजे प्रत्ययांवर उभे आहे.

तिसरा प्रसंग प्रेमाचा नसून छळाचा आहे. ओसाका येथील एका मोठ्या बाजारसंकुलात संशोधकांनी एक रोबोट फिरता ठेवला होता. मोठी माणसे जवळ नसली की लहान मुले त्याची वाट अडवीत, त्याला शिव्या देत, लाथा मारीत, असे त्यांच्या निदर्शनास आले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात रोबोटच्या बचावाचा उपाय सांगितला आहे. तो असा की, मुले घेरतील असे दिसताच रोबोटने मोठ्या माणसांच्या दिशेने सरकावे. त्रास देणाऱ्या मुलांच्या मुलाखतीही घेण्यात आल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष चिंतनीय आहे. रोबोट नुसते यंत्र आहे म्हणून आपण मारले, असे म्हणणारी मुले थोडी होती. बहुसंख्य मुलांना तो माणसासारखा वाटत होता आणि सुमारे निम्म्या मुलांना तर आपले वागणे त्याला कळते असेही वाटत होते. तरीही त्यांनी मारले.

विनयाची कसोटी

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. विनयपिटकातील एकसष्टावा पाचित्तिय नियम उदायी नामक भिक्खूमुळे घालून देण्यात आला. त्याला कावळे आवडत नसत व तो बाणाने कावळे मारीत असे. जाणूनबुजून प्राण्याचा जीव घेतल्यास पाचित्तिय दोष होतो, असा तो नियम आहे. याच्या विवरणात विनयाने सर्व शक्यता मांडल्या आहेत. प्राणी आहे आणि मारणारा त्याला प्राणी समजतो, तेव्हा पूर्ण दोष. प्राणी आहे, पण मारणारा त्याला निर्जीव समजतो, तेव्हा दोष नाही. निर्जीव आहे आणि निर्जीव समजूनच प्रहार केला, तेव्हाही दोष नाही. परंतु वस्तू निर्जीव असून मारणारा तिला सजीव समजत असेल, तर 'दुक्कट' नावाचा लहान दोष होतो. इतकेच नव्हे, तर ती सजीव की निर्जीव अशी शंका मनात असताना प्रहार केला, तरीही दुक्कटच होतो.

आमच्या उत्तरातील उणीव येथे उघड होते. आम्ही फक्त एकच प्रश्न विचारला होता : समोरच्या वस्तूला वेदना आहे काय? विनय दोन प्रश्न विचारतो : समोर काय आहे, आणि तू त्याला काय समजून मारतोस? पहिल्या प्रश्नाने दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब होतो, दुसऱ्याने आपल्या चित्ताचा. चेतना हेच कर्म, हा भगवंतांचा सिद्धान्त असल्यामुळे दुसरा प्रश्न टाळता येत नाही. ओसाका येथील मुलांच्या बाबतीत समोर लोखंड व प्लास्टिक होते. पण ज्याला कळते, ज्याला लागते असे त्यांना वाटत होते, त्याच्यावर त्यांनी लाथ उगारली. लोखंडाला काही झाले नाही. 'समोरच्याला लागते आहे आणि तरी मी मारतो' या अवस्थेचा सराव मात्र त्या मुलांना झाला.

याच प्रकरणातील अकरावा नियम विषयाला आणखी प्रकाश देतो. आळवी येथील भिक्खू बांधकामासाठी झाडे तोडीत होते. लोकांनी त्यांची निंदा केली की, शाक्यपुत्रीय श्रमण एकेंद्रिय जीवांना पीडा देतात. भगवंतांनी त्या भिक्खूंची कानउघाडणी करताना झाडात जीव आहे की नाही या वादात प्रवेश केला नाही. लोक वृक्षाच्या ठायी 'जीवसञ्ञी' असतात, म्हणजे त्यांना तेथे जीव जाणवतो, एवढे कारण त्यांनी पुढे केले. समाजातील अनेकांना ज्याच्या ठायी जीव जाणवतो, त्याची निष्कारण मोडतोड करणे हे त्या माणसांच्या भावनेशीही निष्ठुर वागणे होय. आयबोच्या वृद्ध मालकिणीसमोर तो कुत्रा लाथेने उडविणारा माणूस कुत्र्याला दुखवीत नाही. तो तिला दुखवितो.

रंग आणि आवाज

यंत्राविषयीचा पूर्वग्रह बहुधा यंत्राविषयीचा नसतोच. माणसांविषयीचा पूर्वग्रह यंत्रावर जाऊन बसतो. न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठाचे क्रिस्टोफ बार्टनेक व त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर क्षणभर माणसाचे किंवा रोबोटचे चित्र दिसते. त्याच्या हाती शस्त्र असेल तर गोळी झाडावयाची, नसेल तर झाडावयाची नाही. माणसांच्या चित्रांवर असा प्रयोग अमेरिकेत पूर्वी झाला होता व त्यात कृष्णवर्णीयांच्या विरुद्ध झुकणारी घाई आढळली होती. बार्टनेक यांनी एकाच घडणीच्या रोबोटला गोरा व काळा असे दोन वर्ण दिले, तेव्हा निर्णयाच्या वेगात तीच तफावत पुन्हा दिसली. रोबोटला ना वंश, ना इतिहास, ना पूर्वज. तरीही नुसता रंग बदलताच पाहणाऱ्याच्या मनातील सारा इतिहास त्याच्यावर चढला.

आवाजाचेही तसेच आहे. युनेस्कोने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालात असे दाखवून दिले की, हुकूम ऐकणाऱ्या बोलक्या यंत्रसाधनांना बहुतेक ठिकाणी स्त्रीचाच आवाज दिला जातो आणि अपमान केला तरी ती नम्रच उत्तर देतील अशी त्यांची घडण असते. चित्रकाराच्या कथेतील लाकडी युवती येथे पुन्हा भेटते. आम्ही एका परिचितांच्या घरी त्यांच्या सात वर्षांच्या नातवाला अशा यंत्रावर खेकसताना ऐकले. गाणे लागायला विलंब झाला म्हणून तो ज्या स्वरात ओरडला, तो स्वर त्याने कोठून उचलला हे थोड्याच वेळात समजले. स्वयंपाकघरात भांडी घासणाऱ्या बाईंना घरातील वडीलधारी मंडळी त्याच स्वरात हाक मारीत होती. मुलाला यंत्राने बिघडविले नव्हते. घरात जे चालते ते यंत्रासमोर निर्भयपणे बाहेर आले, इतकेच.

यंत्र ही नवी जात होय काय?

येथपर्यंत आल्यावर एक मोह होतो. यंत्रमानवाला हीन लेखले जाते, त्याला सेवेस जुंपले जाते, त्याच्या स्पर्शाची किळस येते. तर तो आजच्या युगातील नवा अस्पृश्य आहे, असे म्हणावे काय? विज्ञानकथांतून हे रूपक वारंवार येते. आम्ही ते स्वीकारू इच्छीत नाही.

वासेट्ठसुत्तातील युक्तिवाद येथे मार्गदर्शक ठरतो. भगवंत तेथे सांगतात की, गवत, कीटक, चतुष्पाद, सर्प, मासे, पक्षी यांच्यात जातिभेदाची शारीरिक लक्षणे दिसतात. माणसामाणसांत तशी लक्षणे दिसत नाहीत. त्यांच्यातील भेद केवळ व्यवहारातील नावाचा आहे. जातिव्यवस्था खोटी ठरते ती यामुळे की, जेथे भेद नाही तेथे ती भेद कल्पिते. मानव व यंत्र यांच्यातील भेद मात्र कल्पित नाही. यंत्र मातेच्या उदरी जन्मत नाही. त्याला भूक नाही, ज्वर नाही, मरणाचे भय नाही, आणि मुख्य म्हणजे सुखदुःखाची वेदना आज त्याच्या ठायी असल्याचा काही पुरावा नाही. ज्यांनी पाणवठ्यावर दगड झेलले त्यांचे दुःख आणि प्लास्टिकच्या हाताला आलेला ओरखडा यांना एका ओळीत बसविणे म्हणजे त्या दुःखाचीच अवहेलना होय.

उद्या यंत्राच्या ठायी खरोखर वेदना उत्पन्न झाली तर काय, असा प्रश्न उरतो. आत्मवादी दर्शनांना तो अडचणीचा आहे. कारण आत्मा कोठून आणावयाचा? बौद्ध दर्शनाला तो त्या अर्थाने अडचणीचा नाही. विज्ञान हे प्रत्ययांनी उत्पन्न होते, ज्या प्रत्ययाने उत्पन्न होते त्याच्या नावाने ओळखले जाते, असे आपण मानतो. कोणत्या प्रत्ययांनी ते उत्पन्न होऊ शकणार नाही याची यादी सुत्तांनी दिलेली नाही. १९८७ साली धर्मशाळा येथे शास्त्रज्ञांशी झालेल्या चर्चेत दलाई लामा यांनीही संगणकाच्या ठायी विज्ञानसंतती येण्याची शक्यता तत्त्वतः नाकारली नव्हती. जपानी यंत्रशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी तर यंत्रातही बुद्धस्वभाव आहे असे प्रतिपादन केले. जवळजवळ माणसासारख्या दिसणाऱ्या यंत्राची आपणांस किळस का येते, याची मीमांसा १९७० साली त्यांनीच प्रथम केली होती. बुद्धस्वभावाची कल्पना महायानाची आहे. पालि परंपरेत तिला आधार नाही. पालि परंपरेची शिकवण अधिक साधी आहे. शंका उत्पन्न झाली की हात आवरावा. शंका असताना केलेला प्रहार दुक्कट होय, हे विनयाने सांगूनच ठेवले आहे.

माणसाला यंत्र मानणे

यंत्राला माणूस समजण्याची भूल नवी व मर्यादित आहे. माणसाला यंत्र समजण्याची भूल जुनी असून तिने अधिक बळी घेतले आहेत. रोबोट शब्दाचे मूळ वेठीत आहे असे आम्ही आरंभी म्हटले ते याचसाठी. महाराष्ट्रातील गावगाड्यात महार वतनाने माणसाला नेमके असेच वापरले. दिवसा-रात्री केव्हाही हाक आली की निघावयाचे, टपाल पोचवावयाचे, मेलेली गुरे ओढावयाची; कामाची वेळ नाही, वेतनाची निश्चिती नाही आणि नकार देण्याचा अधिकार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात या वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले आणि पुढे १९५८ साली कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. हाक आल्याबरोबर निघणे हे यंत्राचे लक्षण आहे. ते माणसावर लादणे हाच वतनाचा गाभा होता.

गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराची स्थिती आजही याहून फार वेगळी नाही. २०१३ साली कायद्याने ही प्रथा निषिद्ध ठरविली. तरीही मृत्यू थांबले नाहीत, म्हणून २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाला मृतांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपयांपर्यंत वाढवावी लागली. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनविलेले 'बँडिकूट' नावाचे यंत्र २०१८ साली तिरुवनंतपुरम येथे गटारसफाईसाठी उतरविण्यात आले. पूर्वी जे कामगार स्वतः आत उतरत, त्यांनाच ते चालविण्याचे शिक्षण देण्यात आले. या यंत्राला चेहरा नाही, त्वचा नाही, ते प्रवचन करीत नाही. परंतु जेथे माणूस यंत्राच्या जागी उभा होता तेथे यंत्र यंत्राच्या जागी उभे राहिले. आमच्या मते धम्माच्या दृष्टीने कोदाईजी येथील बोलक्या मूर्तीपेक्षा या मुक्या यंत्राचे मोल अधिक आहे.

सिगालोवादसुत्तात मालकाने सेवकाशी कसे वागावे याचे पाच नियम दिले आहेत. त्याच्या बळाला झेपेल असेच काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थ झाल्यास त्यात वाटा द्यावा आणि वेळेवर सुटी द्यावी. हे पाचही नियम वाचून पाहिल्यास ध्यानात येईल की यंत्राला त्यांपैकी एकाचीही गरज नाही. थकणे, भुकेजणे, आजारी पडणे, चव कळणे आणि विसावा हवा असणे या पाच गोष्टींत माणसाचे माणूसपण सामावले आहे. सेवकाच्या बाबतीत या पाच गोष्टी विसरणारा मालक त्याला यंत्र मानतो, मग तो त्याला कोणत्याही नावाने हाक मारो.

उपसंहार

सारांश असा की, यंत्राला वेदना नसल्यामुळे त्याच्या अवमानाने दुसऱ्या कोणाचे दुःख वाढत नाही, हे आमचे पहिले विधान कायम आहे. परंतु कर्माचा हिशेब तेथे संपत नाही. यंत्र समजून खिळा ठोकणे वेगळे आणि माणूस भासत असताना लाथ मारणे वेगळे. पहिल्यात काम आहे, दुसऱ्यात द्वेषाचा सराव आहे. जो स्वर यंत्रावर घोटून पक्का होतो, तो पुढे माणसासाठी वापरला जातो. आणि बहुतेक वेळा तो माणसावरच आधी शिकलेला असतो.

पुढच्या रविवारी आम्ही वर्गात आमचे आधीचे उत्तर दुरुस्त केले आणि एकसष्टावा नियम त्याच्या सर्व शक्यतांसह फळ्यावर मांडला. विद्यार्थिनीने तो उतरवून घेतला व विचारले, "म्हणजे दुक्कट ना, सर?" आम्ही म्हटले, "दुक्कट. लहान दोष, पण दोषच."

या वेळी वर्गात कोणी हसले नाही.